वाघ-बकरीचा पट पुन्हा मांडला

पेण-रोह्याकडच्या आम्ही काही जणी आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय बचतीचा नाही आणि पापडाचाही नाही. आज बोलायचं आहे खेळाबद्दल. हसू नका, आधी ऐका.

लहानपणी देवळाच्या ओट्यावर कोळशाने रेघा ओढून आम्ही वाघ-बकरी खेळायचो. एका बाजूला मोजके वाघ, दुसऱ्या बाजूला कळपभर बकऱ्या. लढाईच ती, पण चिंचोक्यांची. मग लग्नं झाली. भाताची आवणी, कापणी, मुलंबाळं, सासू-सासऱ्यांची दुखणी. पेणच्या मैत्रिणींच्या हाती गणपतीच्या कारखान्यातला ब्रश आला. पट पुसला गेला. कुणाची 20 वर्षं गेली, कुणाची 30.

मागच्या उन्हाळ्यात गटाची बैठक होती. वही आणणारी यायची होती, आम्ही नुसत्या बसून होतो. एकीच्या नातीने विचारलं, "आजी, मोबाईल नव्हता तेव्हा तुम्ही काय खेळायचात?" आजीने खडू घेतला आणि फरशीवर पट आखला. वही आली, तरी पटावरून कुणी उठेना.

खेळ असा. पाच उभ्या आणि पाच आडव्या रेघा काढा. चौकोनाच्या समोरासमोरचे कोपरे तिरप्या रेघांनी जोडा, मग चारही बाजूंचे मध्य एकमेकांना जोडा. रेघा मिळतात अशा 25 जागा होतात. चार कोपऱ्यांत चार वाघ ठेवा. आम्ही रुपयाची नाणी घेतो. बकऱ्या 20, त्यासाठी चिंचोके किंवा वालाचे दाणे. आधी एक बकरी पटावर येते, मग एक वाघ रेघेवरून एक घर सरकतो. असं आळीपाळीने चालतं. सगळ्या 20 बकऱ्या मांडून होईपर्यंत एकाही बकरीला हलता येत नाही. शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचं सरळ रेघेतलं घर रिकामं असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो. ती बकरी मेली. पाच बकऱ्या मेल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, की बकऱ्या जिंकल्या.

गावागावात पट वेगळा आणि सोंगट्यांचा आकडाही वेगळा. आम्ही सांगितलेला चार वाघ-वीस बकऱ्यांचा पट नेपाळात घरोघरी खेळतात, तिथे त्याला बाघचाल म्हणतात. तमिळनाडूत तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. आम्हांला आखायला सोपा म्हणून चौकोनी पट धरला.

आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्या जणींना वाघ व्हायचं होतं. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंनी मुकाट्याने बकऱ्या घेतल्या आणि तीन डाव जिंकल्या. त्यांना गुपित विचारलं. म्हणाल्या, "बकरी एकटी सोडायची नाही. तिच्या पाठीमागचं घर भरलेलं असलं, की वाघाला उडी मारता येत नाही. आधी कडा भरायच्या, मधे नंतर यायचं. घाई केली की गेली." हे आम्हांला लहानपणी ठाऊक होतं, हातातून गेलं होतं. चार-पाच बैठका हरलो, तेव्हा परत आलं.

बोलणी मात्र खावी लागली. "आता बायका पोरखेळ करायला लागल्या," असं कुणी म्हणालं. पारावर दिवसभर पत्ते चालतात, त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. आमच्यातली एक तर घरच्यांच्या बोलण्यामुळे दोन महिने आलीच नाही. तिला आम्ही बोल लावला नाही. पुढे तिने घरीच पट आखला आणि सासूबाईंना समोर बसवलं. आता दोघी येतात.

मैत्रिणींनो, डोकं लावून लढायच्या खेळाला पोरखेळ म्हणणाऱ्यांना बुद्धिबळ दाखवा. हत्ती, घोडा, उंट, प्यादं ही सगळी फौजच आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी तो पट गाजवला. रोहिणीताई 1976 साली 13 व्या वर्षी महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्या पुरुषांच्या स्पर्धेत उतरल्या तेव्हा वाद झाला आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनीच सांगितलं, की बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तिकडे प्रशियाच्या सैन्यात तर 200 वर्षांपूर्वी अधिकाऱ्यांना टेबलावर नकाशा आणि सोंगट्या मांडून लढाई शिकवत.

आम्हांला काही सेनापती व्हायचं नाही. पण खरं सांगतो, दिवसभर आमच्या डोक्यात दुसऱ्यांचीच कामं असतात. याला डबा, त्याला औषध, गुरांना पाणी. पटावर बसलं की ते डोकं अर्धा तास आपलं असतं. पुढची चाल काय, एवढाच विचार. हरलो तरी कुणाचं नुकसान नाही, म्हणून हरायचीही भीती वाटत नाही. एकीने हिशोबाची वही घ्यायला कायम नकार दिला होता. या वर्षी तिने घेतली. खेळामुळे घेतली असं आम्ही म्हणणार नाही, पण पटावर ती आमच्यातल्या बऱ्याच जणींना हरवते, हे खरं.

तेव्हा पुढच्या बैठकीला खडू न्या. बैठक संपली की एक डाव मांडा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या गावचा पट कसा होता, वाघ किती होते, ते विचारा आणि वहीत आखून ठेवा. आणि पहिल्या डावात बकऱ्या घ्या, बरं का.