वाद मिटवणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं
(मेळाव्यातलं भाषण)



आम्ही तुमच्याच पाड्यांवरची पोरं-पोरी. विद्यापीठात कायदा शिकतोय. तिथे शिकलेलं इथे उपयोगी पडतं का, ते तुमच्यासमोर मांडतो.

कोर्टात न भांडता वाद कसे मिटवायचे, हा वकिलीच्या शिक्षणातला एक अख्खा विषय आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तो सक्तीचा आहे. त्यात मुख्य वाटा चार. दोघांनीच बोलून मिटवलं, ती वाटाघाट. तिसरा माणूस दोघांना बोलतं करतो पण निकाल देत नाही, ती मध्यस्थी. दोघांनी कबूल केलेला तिसरा माणूस निकाल देतो आणि तो पाळावा लागतो, तो लवाद. दोघांची तडजोड लिहून तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं, ती लोक अदालत.

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? बांध कोरला, बैल दुसऱ्याच्या नागलीत शिरला, तर आपले पंच बसतातच. १९९६ च्या पेसा कायद्यानेही वाद मिटवायची आपली रीत जपायला ग्रामसभा समर्थ आहे असं मानलंय. पण त्या विषयातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मध्यस्थाने दोन्ही बाजू ऐकायच्या, कुणावर जोर करायचा नाही. आपल्या बैठकीत बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकलं जातं का? हे आपणच आपल्याला विचारायला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. शेजाऱ्याशी तडजोड चांगलीच, उद्या एकाच विहिरीवर पाणी भरायचं असतं. पण समोर सरकारी खातं असेल आणि कुणी म्हणालं, 'अर्धी जमीन सोड, केस मिटवतो', तर ती तडजोड नव्हे. तिथे दोघं बरोबरीचे नाहीत. वनजमिनीचा हक्क घासाघीस करून ठरत नाही. त्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलेली आहे. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीत, मग जिल्हा समितीत. ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर उपविभागीय समितीकडे, तिचा निर्णय पटला नाही तर जिल्हा समितीकडे, ६० दिवसांत अर्ज करायचा. आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तो आपल्याविरुद्ध निकाली काढता येत नाही. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जातून कुणाला उठवता येत नाही.

म्हणून दंडाच्या पावत्या जपून ठेवा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो.

लोक अदालतीबद्दलही सांगतो. तिथे कोर्ट फी लागत नाही, झटपट मिटतं, हे खरं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. एकदा अंगठा उठला की संपलं. तेव्हा कागद मोठ्याने वाचून घ्या. भाषा कळली नाही तर आपल्या बोलीत सांगायला लावा. पटलं नाही तर 'नाही' म्हणा, केस पुन्हा कोर्टात चालते. तडजोड करायची सक्ती कुणालाच करता येत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने आदिवासीला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्या.

शेवटी एकच मागणं. प्रत्येक पाड्यातून एक तरी पोर, आणि पोरगीसुद्धा, कायदा शिकायला पाठवा. कुठे समेट करायचा आणि कुठे ठाम उभं राहायचं, हे सांगणारं माणूस आपल्या घरातलं असलं पाहिजे.

जिंदाबाद!