घरीं जोडलेली मोटार

मोटारगाडी ही कारखान्यांत तयार होते व दुकानांत विकत मिळते, अशी सर्वांची समजूत असते. तिच्या पोटांत काय आहे हें पाहण्याचा प्रसंग मालकावर येतो, तो बहुधा ती वाटेंत बंद पडल्यावरच. परंतु इंग्लंडमध्यें असेहि लोक आहेत, कीं जे गाडीऐवजीं तिच्या सुट्या भागांचा संच विकत घेतात आणि शनिवार-रविवारच्या सुटींत घरच्या गॅरेजमध्यें ती स्वतः जोडतात. अशा गाडीस तिकडे ‘किट-कार’ म्हणतात.

या छंदाच्या प्रसाराचें श्रेय बऱ्याच अंशीं एका कराकडे जातें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, ब्रिटिश सरकारनें खरेदी-कर बसविला. पुढें तयार मोटारीवर हा कर भरावा लागे, पण सुट्या संचावर लागत नसे. कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनिअरनें १९४८ सालीं एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून आपली पहिली मोटार बनविली होती. त्याच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं ‘सेव्हन’ नांवाची दोन आसनांची, अगदीं हलकी गाडी काढली व ती संचाच्या रूपानेंहि विकली. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. म्हणून कंपनीनें गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनीं त्या शेवटाकडून वाचल्या, अशी मौजेची हकीकत सांगतात.

१९७३ च्या एप्रिलांत खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला व संचाची सवलत संपली. हिशेबानें पाहतां छंदहि तेव्हांच संपावयास हवा होता. पण त्याच वर्षीं सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि ती आजहि संच विकते. १९९६ सालीं तर रॉन चॅम्पियन यांनीं अडीचशें पौंडांत मोटार कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलें. कराचें निमित्त गेलें. हातांना लागलेली गोडी गेली नाहीं.

काम मात्र सोपें नाहीं. नळ्यांचा पोलादी सांगाडा घोड्यांवर ठेवून त्यावर पुढच्या चाकांचे दांडे, सुकाणू, ब्रेकच्या नळ्या, कप्पीनें उचललेलें इंजिन, मागचा आंस, विजेच्या तारा असे भाग क्रमानें चढवावे लागतात. केटरहॅमच्या गाडीस शंभराच्या आसपास तास लागतात असें धरतात. म्हणजे आठवड्यास बारा तास दिले तरी दोन महिने. त्यांत पाहुणे येतात, मुलें आजारी पडतात, एखादा बोल्ट कमी निघतो. उतावळ्याचा येथें निभाव लागत नाहीं. इंजिन बसविण्यापूर्वीं सहज लागली असती ती नळी मागाहून लावूं गेल्यास आंत हातच शिरत नाहीं, आणि इंजिन पुन्हां बाहेर काढावें लागतें.

याहून मोठी गोष्ट जबाबदारीची. ब्रेकच्या नळींत हवेचा बुडबुडा राहिला, तर पायाखालचा ब्रेक मऊ पडतो व गाडी वेळेवर थांबत नाहीं. कारखान्यांत एकाचें काम दुसरा तपासतो. घरीं करणारा आणि तपासणारा एकच. म्हणून जाणते लोक ठरलेल्या जोरानेंच आवळणारा पाना वापरतात, आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढतात, आणि मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशीं ब्रेकच्या कामास हात लावीत नाहींत.

एवढ्यानें गाडी रस्त्यावर येत नाहीं. अशा एकेकट्या गाड्यांसाठीं ब्रिटनमध्यें १९९८ पासून सरकारी परीक्षा आहे. २००९ सालीं तिला नवें स्वरूप मिळालें. परीक्षक ब्रेक, सुकाणू, दिवे, पट्टे, धूर हें सर्व पाहतो. पादचाऱ्यास लागेल अशी बाहेर आलेली कडसुद्धां निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल असावी लागते. नापास झालेला गृहस्थ घरीं परततो, दोष काढतो व पुन्हां परीक्षेस उभा राहतो.

इतक्या खटाटोपांत पैसा फारसा वांचत नाहीं. परंतु ज्या दिवशीं तो गृहस्थ घरच्या माणसास शेजारच्या आसनावर बसवून प्रथम फाटकाबाहेर पडतो, त्या दिवशीं गाडींतला प्रत्येक बोल्ट कोणीं आवळला आहे, हें त्याला ठाऊक असतें. यंत्रावर विश्वास सारेच टाकतात. असा विश्वास टाकण्याचा अधिकार त्यानें शनिवार-रविवार खर्चून मिळविलेला असतो.