रोहित्रापासून रिक्षा थांब्यापर्यंत



बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात आपे ही तीनचाकी तयार होते आणि २०१९ च्या अखेरीस तिचा विजेवर चालणारा प्रकारही बाजारात आला. तरीही सार्वजनिक चार्जिंगचे धोरण मुख्यतः महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीला समोर ठेवून घडत गेले, ही विसंगती या विषयाच्या मुळाशी आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आणि त्यामुळे वीज वितरणाचा परवाना नसलेल्या कोणालाही चार्जिंग केंद्र उघडण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षअखेरीच्या मार्गदर्शक सूचनांनी महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे ठरवले; २०२२ च्या सूचनांनी शासकीय जागा युनिटमागे एक रुपया महसूल-वाट्यावर, म्हणजे ठरावीक भाड्याऐवजी विकल्या गेलेल्या विजेच्या प्रमाणात मोबदला घेऊन, देण्याची सोय केली. मार्च २०२३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले आणि महाराष्ट्राने २०२१ पाठोपाठ २०२५ मध्ये नवे वाहन धोरण आणले.

परंतु पाटसहून बारामती आणि इंदापूरमार्गे जाणाऱ्या पालखी महामार्गावर असा ठरावीक अंतराचा नियम उतरवायचा झाला, तर प्रश्न अंतराचा राहत नाही, तो रोहित्राचा होतो. रोहित्र म्हणजे गावकऱ्यांच्या बोलीतली डीपी, जी उच्च दाबाची वीज घरगुती वापराच्या दाबावर आणते. ६० किलोवॉटचे एक जलद चार्जर चालू झाले की पाच अश्वशक्तीचे डझनभराहून अधिक कृषिपंप एकदम सुरू झाल्याइतका भार पडतो आणि उसाच्या पट्ट्यात, जिथे पाण्याच्या पाळीची वेळ विजेच्या वेळेवर ठरते, तिथे शेतकऱ्याच्या पंपाशी स्पर्धा करणारे केंद्र कोणाला हवेसे वाटणार नाही. म्हणून स्वतंत्र रोहित्र आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा केंद्र उभारण्याच्या करारातील पहिला मुद्दा असला पाहिजे. तो शेवटी ठेवला की यंत्र उभे राहते आणि जोडणी रखडते.

तीनचाकीची गरज याहून कितीतरी साधी आहे. तिची सुमारे आठ युनिटची बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार-एक तासांत भरते. बारामती व इंदापूरचे एसटी स्थानक, बाजार समितीचे आवार, निमगाव केतकी किंवा भिगवणचा बाजार, अशा ठिकाणी मीटर बसवलेले सुरक्षित सॉकेट पुरेसे आहेत; आणि केंद्र सरकारच्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांसाठी वीज स्वस्त ठेवण्याची तरतूद असल्याने, प्रवासी कमी असणाऱ्या दुपारीच रिक्षा चार्ज करणे चालकाला परवडू शकते.

ही केंद्रे सांभाळणार कोण? या भागात सहकार हा शब्द नुसत्या सहकार्याचा पर्याय नाही. सभासदांनी भांडवल जोडून उभारलेली ती संस्था असते. माळेगाव, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांकडे जमीन, रस्त्यालगतचे आवार आणि हिशेब ठेवण्याची शिस्त आहे. शासन, वाहननिर्माते आणि महावितरण यांच्या करारात या संस्थांना यजमान म्हणून स्थान मिळाले, तर केंद्र बिघडल्यावर तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असेल. जलद केंद्रे नकोत, असा याचा अर्थ नाही. मात्र अनुदान यंत्र बसवल्याबद्दल नव्हे, तर ते वर्षभर किती तास चालू राहिले यावर दिले जावे.

या संमेलनात जमलेल्या उद्योजकांनी आणि अधिकाऱ्यांनी अनुदानाची ही अट आपल्या पुढच्याच करारात लेखी घालावी आणि पहिले सॉकेट बारामतीच्या रिक्षा थांब्यावर बसवावे, ही विनंती आहे.