चावडीवर आपलीही सतरंजी

(वर्धा जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज मी हौसेबद्दल बोलणार आहे. दारूबंदी, रेशन, मारहाण हे आपले नेहमीचे विषय सोडून ही ताई हौसेकडे कुठे वळली, असं तुम्हांला वाटेल. पण बाईची हौस कोणती, हे कुणी ठरवलं? रांगोळी, विणकाम, कुरड्या-पापड. म्हणजे शेवटी घराच्या उपयोगी पडेल तेवढीच. गडी पारावर बसून गावाचा इतिहास सांगतो, ती त्याचीही हौसच असते. पण तिला आपण ज्ञान म्हणतो.

अशीच एक हौसेची जागा आहे मराठी विकिपीडिया. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तो मोबाइलवर उघडला असेल. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ ला. इथे लेख लिहिणाऱ्यांना पगार नाही. आवड म्हणून, आपला वेळ काढून माणसं लिहितात. पदवीची अट नाही. चूक दिसली तर कुणीही ती दुरुस्त करावी, असा नियम आहे. म्हणजे दार उघडं आहे.

मग आत बाया किती? २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने जगभरच्या लिहिणाऱ्यांची पाहणी केली. त्यात स्त्रिया शंभरात दहासुद्धा नव्हत्या. २०१५ च्या सुमाराला इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांपैकी शंभरात साधारण पंधराच स्त्रियांविषयी होते. तेव्हा काही जणींनी आणि काही जणांनी मिळून ‘विमेन इन रेड’ हा उपक्रम सुरू केला. ज्या नावाचा लेख अजून नाही, ते नाव तिथे लाल अक्षरांत दिसतं. म्हणून हे नाव. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर आता तो आकडा शंभरात वीसच्या आसपास आला आहे.

हे आपल्या कामाचं का आहे? कारण आज कुठल्याही पोरीला काही शोधायचं असलं, की ती आधी मोबाइल उघडते. तिथे जे आहे ते घडलं आणि जे नाही ते घडलंच नाही, असं तिला वाटतं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बाया रात्री-बेरात्री भट्ट्यांवर गेल्या. त्यांतल्या किती जणींची नावं कुठे लिहिलेली आहेत?

आता मी माझीच चूक सांगते. आम्ही पहिल्यांदा बायांना विकिपीडियावर लिहायला बसवलं, तेव्हा मी पडद्यावर चित्रं दाखवून दीड तास बोलले. उल्लेखनीयता, संदर्भ, प्रताधिकार, सदस्यखातं. समाजकार्याच्या वर्गात शिकले होते तसंच शिकवलं. बाया माना डोलवत होत्या. शेवटी दाराजवळ बसलेली एक अंगणवाडीताई म्हणाली, “ताई, थे सारं ठीक आहे. पण मी काहून लिहू? मले कोण विचारते?” माझ्या दीड तासात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया आल्या नाहीत. त्यांना आवड नाही, असं मी टिपणात लिहूनही टाकलं. नंतर घरी जाऊन विचारलं, तर फोन नवऱ्याकडे होता, नळाची वेळ होती आणि मुख्य म्हणजे “चुकलं तर सगळ्यांसमोर दिसन” ही धास्ती होती.

फोनची गोष्ट एकटीदुकटीची नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात ३३ होतं. यात वेळेचा हिशेब धरलेलाच नाही.

पण फोन मिळाला, वेळ मिळाला, तरी आत काय वातावरण आहे हा प्रश्न उरतोच. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या पानाचं नाव आहे ‘चावडी’. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार, आपलेपणाच असणार. पण गावात चावडीवर कोण बसतं? तिथून जाताना आपण पदर सावरून, मान खाली घालून जातो. हा शब्द वाचून गड्याला आपली जागा वाटते, बाईला वाटत नाही. उलट, नवख्याने लिहून पाहण्याच्या जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. धुळीत बोटाने अक्षर काढायचं, चुकलं तर हाताने पुसायचं. कुणी हसत नाही. मी पहिल्या दिवशी फक्त धूळपाटीच दाखवायला हवी होती.

नवख्याला हुसकावल्याचा तोटा शेवटी आतल्यांनाच होतो. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर लिहिणाऱ्यांची संख्या घटू लागली. अभ्यासकांनी २०१३ मध्ये त्याचं कारण मांडलं. खोडसाळ लोकांना आवरण्यासाठी केलेले नियम आणि यंत्रं चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांचंही लिखाण पुसत होती. पहिलंच लिखाण पुसलं गेलं, की माणूस पुन्हा येत नव्हता. मे २०१८ मध्ये डोना स्ट्रिकलँड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा लेख तिथे पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. नाकारणाऱ्याने नियमच पाळला होता. पण ज्यांच्याविषयी आधीच कमी लिहिलं गेलं आहे, त्यांना हा नियम जास्त जाचतो.

तिथे निर्णय सहमतीने होतात असं सांगतात. सहमती आपल्याला नवी नाही. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात १९५९ पासून बहिणी सर्वसंमतीने कारभार करत आल्या आहेत. पण सहमती ही जे हजर असतात आणि बोलतात त्यांची असते. ज्याला रात्री अकरा वाजता वाद घालायला सवड आहे, त्याचं म्हणणं टिकतं. त्या वेळी आपण उद्याची कणीक भिजवत असतो, नाहीतर थकून झोपलेल्या असतो.

वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचं दार जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये दलितांसाठी उघडलं, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कुलूप निघालं म्हणून पिढ्यान् पिढ्यांचा उंबऱ्यावरचा संकोच त्या दिवशीच जात नाही. दार उघडणाऱ्याचं काम तिथे संपत नाही. आत आलेल्याला बस म्हणावं लागतं.

म्हणून आतल्या मंडळींकडे आपलं मागणं साधं आहे. नव्या बाईचं लिखाण पुसण्याआधी काय कमी आहे ते तिला दोन ओळींत, साध्या मराठीत सांगा. पहिलं उत्तर माणसाने द्या, साच्याने देऊ नका. बाईला अपमानास्पद काही लिहिलं गेलं, तर ‘दुर्लक्ष करा’ म्हणू नका. विकिमीडियाची वर्तनसंहिता २०२१ पासून आहे, ती वापरा.

आणि आपण काय करायचं?

एकटीने बसू नका. चौघी-पाचजणी मिळून, दुपारच्या सवडीत बसा. एका जागेवरून एका दिवसात सहापेक्षा जास्त नवी खाती उघडता येत नाहीत. म्हणून खाती आदल्या दिवसांत थोडी थोडी उघडून ठेवा.

खरं नाव द्यायलाच हवं असं नाही. टोपणनाव घ्या. फोन नंबर, गावचा पत्ता तिथे लिहू नका.

पहिलं काम अगदी लहान असू द्या. एखाद्या लेखातलं शुद्धलेखन सुधारा, नाहीतर स्वतः काढलेला विहिरीचा, जात्याचा फोटो द्या. टंकता येत नसेल, तर मोबाइलला मराठीत बोलून लिहिता येतं. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, दुसरीने टिपावं.

लिहिलेलं पुसलं गेलं तर रडू नका आणि भांडूही नका. लेखाच्या ‘इतिहास’ पानावर जुना मजकूर बहुधा सापडतो. चर्चापानावर कारण विचारा. मग संदर्भ घेऊन परत या, शक्य असेल तर तिघी मिळून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे प्रकाशित संदर्भ लागतो. ‘मला माहीत आहे’ चालत नाही. स्वतःच्या संस्थेची स्तुती आपणच लिहिणंही बरं मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग आपल्या बायांच्या कामाचा संदर्भ येणार कुठून? वर्तमानपत्रांची कात्रणं, मेळाव्याच्या स्मरणिका, आणि हे आपलं त्रैमासिक यांतून. पत्र्याच्या पेटीत, वाळवी लागत पडलेले जुने अंक बाहेर काढा. कुठल्या गावात, कुठल्या साली, काय झालं हे तारखेनिशी लिहून छापायला पाठवा. आज आपण छापलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला त्याचा आधार घेता येईल.

त्या अंगणवाडीताईंकडे मी पुन्हा गेले. या वेळी काही शिकवलं नाही. त्यांच्या गावात पूर्वी पाणी कुठून आणायचे, एवढंच विचारलं. त्या तासभर बोलल्या. विहिरींची नावं, कुणाला कुठली विहीर बंद होती, ती कधी खुली झाली. मग धूळपाटी उघडून त्यांच्या हाती फोन दिला. त्यांनी विहिरीचं नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि म्हणाल्या, “याले छापील कागद पाह्यजे ना? ग्रामपंचायतीत पाहून येतो.”

“मी काहून लिहू,” हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.