दारू आधी की दुखणं आधी?



माझा एक मित्र खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. गावच्या भजनात तो पखवाज वाजवायचा. नवी कविता लिहिली की आधी त्याला ऐकवायची, हा माझा कितीतरी वर्षांचा शिरस्ता. पुढे तो दारू पिऊ लागला. कर्जत स्टेशनाबाहेर झोकांड्या खाताना दिसला की मी वाट बदलायचो. एकदा तर चारचौघांत त्याला सुनावलं, "लाज कशी वाटत नाही तुला?" आमच्या घरात दारू हराम. त्यामुळे उपदेश करायचा आपल्याला हक्कच आहे, असं मला वाटे.

एक दिवस त्याच्या पत्नीनं मला थांबवलं. म्हणाली, "भावोजी, दारू नंतर आली. त्याआधी कितीतरी महिने त्यांना झोप नव्हती. पहाटे उठून रडत बसायचे. पखवाजाला हात लावत नव्हते. थोडी घेतली की झोप लागते, एवढंच त्यांना कळलं."

मला त्याची दारू दिसली होती, रडणं दिसलं नव्हतं.

दारू घेतल्यावर पहिला तासभर जिवाची तगमग शमते. मात्र ती उतरताना झोप मोडते, उदासी वाढते. मग ती घालवायला पुन्हा दारू. याच्या उलटही घडतं. काहींचं नैराश्य दारूतूनच आलेलं असतं आणि दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ते ओसरतं. यातलं काय, ते मनोविकारतज्ज्ञानं ठरवायचं. पारावर बसून आपण नव्हे.

आमच्या कर्जतजवळ 'श्रद्धा' ही संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून ती त्यांना घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाची सुरुवात झाली ती मुंबईत करवंटीनं गटाराचं पाणी पिणाऱ्या एका तरुणापासून. अशा पोराला आपण 'गर्दुल्ला' म्हणून ओलांडून जातो. तो पदवीधर होता आणि त्याला स्किझोफ्रेनिया होता.

व्यसन हा आजार आहे, हे पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून सांगत आलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलं आहे. तरीही घरोघरी दोनच उपाय चालतात: शपथ घालणं, नाहीतर खोलीत कोंडणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मनाचा आजार आणि व्यसन, दोन्हींवर उपचार बरोबरीनं व्हायला हवेत. एकच धरला, तर दुसरा त्याला पुन्हा ओढून आणतो. कुठं जावं हे सुचत नसेल, तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

माझ्या मित्रावर असे दुहेरी उपचार झाले. मधे एकदा त्याचा पाय घसरला. या वेळी मी वाट बदलली नाही, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या बाकावर बसून त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "नवीन काय लिहिलंस?"

पखवाज अजून खुंटीवरच आहे. आम्ही घाई करत नाही.