मोटारीची अशक्त बॅटरी

दहिवलीच्या परिसरांत सुटीसाठीं म्हणून मुंबईकरांनीं बांधलेलीं घरें आतां पुष्कळ झालीं आहेत. अशाच एका घरची ही गोष्ट. मोटार तीन आठवडे पागोळ्यांखालीं उभी होती. रविवारीं सायंकाळीं कुटुंब निघावयास सिद्ध झालें. सोमवारीं सकाळीं मुंबईस आजीबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली, आणि गुडघ्यांमुळें त्यांना लोकलची दगदग सोसणारी नव्हती. किल्ली फिरविली, तों ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि सारें शांत झालें. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकानें मिटलेलीं होतीं. “बॅटरी गेली, नवीच घ्यावी लागणार,” असा निकाल गृहस्थांनीं जागच्या जागीं दिला. शेजारचे काका रेल्वेंतून निवृत्त झालेले. ते छत्री मिटीत म्हणाले, “थांबा, आधीं तिची नाडी तर पाहूं.”

मोटारीची बॅटरी ही विजेची पेटी नसून रसायनाची पेटी होय. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलें गंधकाम्ल यांची ही योजना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं केली, आणि मुळांत ती आजही तशीच आहे. सहा घट एकास एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. दहिवलीच्या शेजारीं भिवपुरीस १९२२ पासून वीज निर्माण होत आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणांत सांठलेलें पाणी खालीं सोडलें कीं चाकें फिरतात. बॅटरीचेंही तसेंच समजावें. तळें आटलें, म्हणजे धरण फुटलें असें नव्हे.

हें तळें आटतें तें गाडी उभी असतांनाच. बंद गाडींतही घड्याळ, कुलपाची यंत्रणा, चोराची सूचना देणारा भोंगा हीं सारीं जागीं असतात. त्यांनीं मिळून अवघे ३० मिलिअँपिअर घेतले, तरी दिवसाकांठीं सुमारें पाऊण अँपिअर-तास खर्च होतो, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरांत जवळजवळ निम्मी होते. कोणी रस्त्याचें चित्रण करणारा कॅमेरा जोडून ठेवला असेल, तर महिन्याचीही वाट पाहावी लागत नाहीं.

काकांनीं प्रथम पुढचे दिवे लावावयास सांगून किल्ली फिरविली. दिवे लख्ख राहिले असते आणि स्टार्टर गप्प बसला असता, तर दोष स्टार्टरचा किंवा त्याच्या तारांचा ठरता. येथें दिवे मंदावले. अर्थात् बॅटरी क्षीण होती, किंवा तिचा जोड वाईट होता. बोनेट उघडतांच काळ्या टोकावर पांढरट-हिरवट क्षार दिसला. हा क्षार वीज अडवितो. निव्वळ त्याच्यापायीं किती धडधाकट बॅटऱ्या भंगारांत गेल्या असतील कोण जाणे!

तो साफ करण्यास गॅरेज लागत नाहीं, परंतु क्रम मात्र पाळावा लागतो. काळी, म्हणजे ऋण बाजूची तार आधीं सोडावी, तांबडी मागाहून. लावतांना तांबडी आधीं. बहुतेक गाड्यांचा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो, म्हणून तांबडी आधीं सोडूं गेल्यास पाना सांगाड्यास टेकून ठिणगी उडते. बॅटरींतून, विशेषतः ती भरत असतां, हायड्रोजन वायु निघतो; तेथें ठिणगी किंवा विडीकाडी म्हणजे स्फोटास आमंत्रणच. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून दांतांच्या जुन्या ब्रशनें टोकें घासावीं, तें पाणी घटांत शिरूं देऊं नये, कोरडें पुसून जोड घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिन लावावें. झांकणें उघडतां येत असतील, तर पट्ट्या बुडतील इतकें डिस्टिल्ड पाणी घालावें; विहिरीचें किंवा नळाचें नको. आम्ल तर घालूंच नये, कारण उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे.

टोकें स्वच्छ झाल्यावर काकांनीं मल्टिमीटर लावला. आंकडा आला ११.८. गाडी कांहीं तास स्वस्थ उभी असतां १२.२ म्हणजे निम्मा भरणा. १२ च्या खालीं म्हणजे बहुतेक रिकामी. मग काकांनीं आपली गाडी जवळ आणली. तांबड्या केबलचें एक टोक रिकाम्या बॅटरीच्या धन बाजूस, दुसरें भरलेल्या बॅटरीच्या धन बाजूस; काळीचें एक टोक भरलेल्या बॅटरीच्या ऋण बाजूस, आणि शेवटचें टोक बंद गाडीच्या एंजिनावरील रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर. काकांची गाडी पांच मिनिटें चालूं ठेवल्यावर दुसरीही सुरू झाली. केबली उलट क्रमानें काढल्या. आतां मल्टिमीटरनें १४.२ दाखविलें. हा आंकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो १२ च्या आसपासच रेंगाळला असता, तर अल्टरनेटर भरणा करीत नाहीं असा अर्थ झाला असता, आणि मग नवी बॅटरीही चार दिवसांत उपाशी पडली असती.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असें नव्हे. मुंबईपर्यंतच्या प्रवासांत बराच भरणा होतो, पुरता होत नाहीं. तो हवा तर चार-साडेचार अँपिअरच्या चार्जरनें दहाबारा तास, उघड्या हवेंत, सावकाश भरावी. रिकामी तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट घट्ट बसतें आणि मग ती भरून घेईनाशी होते. पूर्ण भरूनही एका रात्रींत १२ च्या खालीं येणारी बॅटरी मात्र संपली असें खुशाल समजावें. तीनपासून पांच वर्षे हें तिचें सामान्य आयुष्य. नव्या गाड्यांत तार सोडण्यापूर्वीं गाडीबरोबरची पुस्तिका वाचावी, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीस घरीं हात लावूं नये.

आजीबाई सोमवारीं वेळेवर पोंचल्या. चोर सांपडला तो कांचेवरचा कॅमेरा. तो गाडी बंद असतांनाही चालूं असे. तो काढला आहे, आणि दहिवलीस गाडी ठेवून निघतांना काळी तार सोडण्याचें काम कॉलेजांतल्या मुलाकडे आहे. दर खेपेस घड्याळ पुन्हां लावावें लागतें, एवढीच त्याची तक्रार.