दारावरची चांदणी

नाताळ पंधरा-वीस दिवसांवर आलाय. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरं पुष्कळ. डिसेंबर लागला की दारावर कागदाची चांदणी टांगायची, ही आमची रीत. ती घरी कशी करायची ते आज सांगते. ज्यांच्याकडे नाताळ नसतो त्यांनीही ऐका, कारण आमच्या चांदणीच्या कामट्या शेजारच्या काकूच तासून देतात. दिवाळीचा आकाशकंदील त्या घरीच करतात, त्यामुळे हाताला सवय.

आमच्याकडे चांदणी करायचे माझे सासरे. ते गेले त्या वर्षी मी बाजारातून प्लास्टिकची आणली. मुलगी म्हणाली, "ही आबांची नाही." आणि तिनं वर बघितलंही नाही. पण आबा बांधत असताना आम्ही कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मग माळ्यावरची त्यांची जुनी चांदणी काढली. कागद उंदरांनी खाल्लेला, सांगाडा मात्र धड. ती सोडून बघायची, तर त्यांनी मारलेल्या गाठींना माझा हात लागेना. काकू म्हणाल्या, "अगं सोड, नाहीतर कळणार कसं?"

तर ऐका. दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या, बारीक आणि लवणाऱ्या. पोरं पाटीवर हात न उचलता पाच टोकांचा तारा काढतात ना, तसा पाच कामट्यांचा तारा बांधा. टोकं बांधा, आणि आत कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागाही. असाच दुसरा तारा. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त टोकांना टोकं बांधा. इथं दुसरीचा हात लागतोच, एकटीनं धरवत नाही. मग आतल्या पाच सांध्यांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, चार-चार इंचांच्या काड्या उभ्या बसवून बांधा. चांदणी फुगते ती यांच्यामुळे. आम्ही पहिल्यांदा या काड्या फालतू समजून बाजूला टाकल्या होत्या. चांदणी झाली पापडासारखी चपटी, आत बल्ब जाईना!

पतंगाचा कागद गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवा. कीड लागू नये म्हणून काहीजणी खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, पोरं बोटं चाटतात, घालू नका. मागचा एक तुकडा उघडा ठेवा, बल्ब घालायला. बल्ब छोटा एलईडीच. मेणबत्ती मुळीच नको, आणि जुना पिवळा बल्ब तापतो. चांदणी पत्र्याच्या आत टांगा, नाहीतर रात्रीच्या दवानं कागद सैल पडतो.

खाली येशूजन्माचा गोठा मांडत असाल तर हिरवळ विकत आणू नका. घटाला पेरतो तसे ताटलीत माती घालून गहू पेरा, बारा-तेरा तारखेला. थंडीत उगवायला वेळ लागतो. गोठ्यात बैल आमच्याकडे पोळ्याचे मातीचेच असतात. एकाचं शिंग मोडलंय, तरी त्याचा मान पुढचा.

यंदा काकूंनी कामट्या परवाच आणून दिल्या. त्या चार इंची काड्या मुलगी स्वतः मोजून कापते, मला हात लावू देत नाही.

बरंय, येते. नमस्कार.